मोजून दिलेल्या पेन्सिली

अठराशे सत्त्याऐंशीची वही काढायची
तर आधी खिडकी लावून घ्यावी लागते.
पानं वाऱ्याला घाबरतात.
सव्वीस वर्षं मी प्रादूरच्या या कचेरीत आहे,
जन्ममृत्यूच्या टेबलाशी.
मेलेल्यांना शोधण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

हा सापडला. जाकोमो ब्रुसूत्ती.
फेब्रुवारीची चार तारीख, पहाटे.
बाप लाकूड कापणारा,
आईच्या नावापुढं नुसतं ‘घरकाम’.
साक्षीदार दोघं, सहीच्या जागी दोघांच्याही फुल्या.
एकोणिसाव्या वर्षी हा जेनोव्हाच्या बंदरातून गेला
तो परत आला थेट आता,
अर्जेंटिनातल्या रोसारियोहून, हिरव्या पाकिटात,
पणतीच्या अर्जाला टाचून.

मारिसेल तिचं नाव. औषधांचं दुकान चालवते.
लिहिते, आमच्याकडं त्यांची एक किसणी आहे
आणि एक शिवी, जिचा अर्थ घरात कुणालाच ठाऊक नाही.
शिवी तिनं ऐकली तशी लिहून पाठवलेली.
मी मोठ्यानं वाचली, आणि रिकाम्या कचेरीत हसले.
माझा बाप हीच आमच्या गाढवाला द्यायचा.
दाखला दिला, शिक्का मारला.
चौदा महिन्यांनी ती आमची नागरिक झाली,
हे डोंगर एकदाही न बघता.

अफुआ सारपाँगचं पान शोधावं लागत नाही,
ते माझ्याच अक्षरात आहे.
शुक्रवार, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं.
वार तर तिच्या नावातच आहे, घानात तशी रीत.
बाप खुर्च्यांच्या कारखान्यात, आई शाळेची झाडलोट करते.
अफुआ आमच्या शिव्या आमच्याच हेलात देते.
बर्फ पडायचं असलं की आदल्या रात्री तिला वास येतो.
हौदाच्या कुठल्या दगडावरून पाय घसरतो
ते तिला विचारावं.
कायदा म्हणतो, अठरा भरू देत, मग अर्ज,
आणि जन्मापासून इथं राहिल्याचा पुरावा.
सलग.
ती नऊ वर्षांची असताना घरमालकानं बाहेर काढलं,
चार महिने सगळे मावशीकडं, पत्त्याविना.
माझ्या नोंदीत तेवढी जागा कोरी आहे.
कितीदा तिथं बोट ठेवून बसले असेन.

निवडणूक लागली तसं रोसारियोहून पत्र आलं.
मतपत्रिका घरपोच मिळाली.
यातलं एकही नाव माझ्या ओळखीचं नाही.
मत न द्यावं तर पणजोबांचा अपमान,
द्यावं तर तुमचा.
कुणाला तरी विचारून कळवाल का,
गावाला काय हवंय?

स्पॅनिश अफुआला येतं, शाळेत घेतलंय तिनं.
उत्तर तिनंच लिहिलं, माझ्या टेबलाच्या कडेला बसून.
पक्ष नाही, उमेदवार नाही.
लिहिलं, सहा चाळीसची बस बंद केली.
बाळंतपणाला आता पस्तीस किलोमीटर खाली जावं लागतं.
पहिलीत तीन मुलं आहेत.
गावाला धरण नको.
थांबली. ‘गावाला’ खोडून ‘मला’ केलं.
मग सहीपाशी पेन अडलं. कोण म्हणून करू?
मी म्हटलं, नाव लिही. नुसतं नाव.

मारिसेलनं मत कुणाला दिलं ते कळवलं नाही.
बरोबरच आहे.
एका ओळीत एवढंच विचारलं,
ही अफुआ ब्रुसूत्तींची कोण?

रविवारी शाळेच्या वर्गात पडदे लावले.
आमच्याकडं मताला पेन चालत नाही.
न खोडता येणारी पेन्सिल सरकार देतं,
मोजून द्यायची, मोजून परत घ्यायची.
लोक आले, पडद्याआड गेले,
जाकोमोच्या साक्षीदारांसारखी फुली मारून बाहेर आले.
माझी चुलतबहीण चष्मा विसरली म्हणून दोनदा आली.

रात्री अफुआ आईबरोबर झाडायला आली.
केरसुणी घेऊन पडद्याआड शिरली,
तिथं एवढा केर नव्हता.
मी मोजदाद करत होते.
अकरा.
परत मोजल्या. अकरा.
तक्त्यात बारा लिहिले, खाली सही केली,
आणि दिवे मालवायला
तिलाच सांगितलं.